कोशाचं शिंग आणि उचलीचा हिशेब : कागल तालुक्यातल्या एका प्राणी निवाऱ्याचं प्रकरण

हे प्रकरण कोसा नावाच्या एका बैलाचं आहे. पण बैल, त्याचा जोडीदार, त्यांचा मालक, मालकाला ऊसतोडीला आणणारा मुकादम आणि माळावरचा एक लहानसा निवारा या सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय ते समजत नाही. मी या निवाऱ्यावर पशुवैद्य म्हणून जातो. बैलावर शस्त्रक्रिया मी केली आणि कागदपत्रं झाली तेव्हा तिथे बसलो होतो. माणसांची, गावाची आणि कारखान्याची नावं वगळली आहेत. बैलांची तेवढी ठेवली आहेत.

फेब्रुवारीचा मध्य होता. वेदगंगेच्या खोऱ्यात ऊसतोड जोरात होती आणि हंगाम संपायला दीडेक महिना होता. बीड जिल्ह्यातून आलेलं एक जोडपं टायर बैलगाडीने कारखान्याला ऊस घालत होतं. त्यांची जोडी खिल्लार, एक कोसा आणि दुसरा पाखऱ्या. कोसा उजव्या अंगाला चालायचा. कारखान्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, तेव्हा गावातल्या एका कॉलेजच्या पोराने मोबाईलवर त्याचं चित्रण केलं. मान उजवीकडे कललेली, उजव्या नाकपुडीतून रक्ताची रेघ आणि तरी मानेवर जू. संध्याकाळपर्यंत ते कोल्हापुरातल्या प्राणीमित्रांच्या फोनवर पोचलं आणि रात्री निवाऱ्याला निरोप आला, "सकाळी पोलीस ठाण्यात तक्रार देतोय. दोन्ही बैल तुमच्याकडं येतील, जागा करून ठेवा."

निवारा एक नवरा-बायको चालवतात. सगळा गाव त्यांना अण्णा आणि वहिनी म्हणतो. नदीकाठापासून वर, मुरमाड माळावर तीन एकर जमीन, त्यात पत्र्याचे दोन गोठे आणि आजारी जनावरांसाठी बाजूला एक वेगळी पडवी. दूध आटल्यावर सोडून दिलेल्या संकरित गायी, रेडकं, वीटभट्टीवरून सुटलेली गाढवं, एक आंधळी घोडी असा गोतावळा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काठावरच्या गोठ्यांतली जनावरं याच माळावर येऊन राहिली आणि गावाने या जागेला आपलं मानलं ते तेव्हापासून. पुढे या प्रकरणात ते फार कामाला आलं.

चाळीस जनावरांच्या वर जायचं नाही, असं वहिनींनी ठरवून ठेवलंय. हा आकडा गोठ्याच्या जागेवरून आलेला नाही, मे महिन्याच्या चाऱ्यावरून आलाय. कोल्हापुरात नोव्हेंबर ते मार्च चाऱ्याची ददात नसते. तोड चालू असेल त्या फडावर जाऊन वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणलं की भागतं. पण नुसत्या वाड्यावर जनावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम धरून बसतं, म्हणून इथे वाड्याबरोबर चुन्याची निवळी आणि मिनरल मिक्श्चर दिलं जातं. खरी परीक्षा कारखान्यांची धुराडी बंद झाल्यावर सुरू होते. चारशे किलोच्या बैलाला वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे रोज आठ ते दहा किलो कोरडा घास लागतो. वर्षाला साधारण तीन ते साडेतीन टन. पाणी चाळीस-पन्नास लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. कोसा आठ वर्षांचा होता आणि बरा झाला असता तर आणखी दहा वर्षं सहज जगला असता. एका बैलाला हो म्हणायचं म्हणजे तीस टन चाऱ्याला हो म्हणायचं. शासनाने २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपयांचं अनुदान मंजूर केलं, पण म्हातारा बैल, रेडकू किंवा गाढव घेऊन बसलेल्याला त्याचा उपयोग नाही. दावणीला त्या रात्री एकोणचाळीस जनावरं होती.

वहिनींनी प्राणीमित्रांना एवढंच सांगितलं, "तक्रार दुपारपर्यंत थांबवा. आधी डॉक्टरांना बैल बघू द्या." मला सकाळी सहालाच फोन आला.

टोळीच्या पालांजवळ बैल सोडलेले होते. मालक तिशीतला, त्याची बायको चुलीपाशी, दोन लहान पोरं. आम्हाला बघून तो आधी बैलाच्या आडच उभा राहिला. मी डाव्या शिंगावर बोटाचं पेर वाजवलं तर पोकळ, खणखणीत आवाज आला. उजव्या शिंगावर वाजवलं तर आवाज भद्द, भरलेल्या डब्यासारखा. बुडाशी हात लावताच कोशाने डोकं झटकलं. शिंगाच्या बुडाची कातडी गरम, शिंग किंचित हलत होतं, नाकपुडीतल्या चिकट स्रावाला कुजका वास. पालाच्या खांबाला त्याने डोकं घासघासून लाकूड गुळगुळीत केलं होतं. शिंगाचा कर्करोग. आपल्याकडे पांढऱ्या, लांब शिंगांच्या खच्ची केलेल्या बैलांत हा आजार पुष्कळ दिसतो. सततचं घर्षण, दोरीचा काच, शिंगं साळणं, ऊन अशी अनेक कारणं सांगतात. नेमकं एकच कारण आहे असं नाही. शिंगाच्या आतल्या पोकळीत गाठ वाढत जाते आणि ती पोकळी कपाळातल्या हाडाच्या पोकळीला जोडलेली असल्याने रक्त नाकातून उतरतं. शिंग गळून पडायच्या आत, लवकर काढलं तर बैल वाचू शकतो. उशीर झाला की काही चालत नाही.

मालकाला हे कळत नव्हतं असं नाही. डोकं कलतंय हे त्याला दिवाळीनंतरच दिसलं होतं. कुणी 'शिंगाला वारं लागलं' म्हणालं, त्याने हळद-तेल भरलं. मग रक्त यायला लागलं तेव्हा त्याने कोशाला दोन दिवस बसवून ठेवलं, पण तिसऱ्या दिवशी मुकादम पालावर आला. "बैल हुबा राह्यला की आमी बी हुबेच, ताई," तो वहिनींना म्हणाला. "उचल कशी फिटायची?"

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हा हिशेब शहरातल्या प्राणीमित्रांपर्यंत सहसा पोचत नाही. हंगामाआधी, दसऱ्याच्या सुमारास, मुकादम टोळीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. गाडी सेंटरवर, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहायचा असेल तर, उचल जास्त असते, कारण त्यात बैलांचाही हिशेब धरलेला असतो. टायर गाडी बहुधा कारखान्याची असते आणि तिचं भाडं कापलं जातं. तोडणी आणि वाहतूक मिळून टनाला जे पडतं त्यातून उचल फिटत जाते. न फिटली तर राहिलेली बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. या घराने दीड लाख घेतले होते, त्यातले साठेक हजार अजून बाकी होते आणि बैलांपैकी एक उसनवारीवर घेतलेला होता. कोसा.

इथे दोन वाटा होत्या आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारी माणसं त्या दुपारी निवाऱ्याच्या पडवीत बसली होती.

पहिली वाट तक्रारीची. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. आजारी किंवा जखमी जनावर कामाला जुंपणं हा त्याच्या कलम ११ खाली सरळ गुन्हा आहे. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे वेगळे नियमही आहेत: दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते तीन गाडी ओढायला लावायची नाही. कारखान्याच्या रांगेत हे नियम किती पाळले जातात ते ज्याने मार्च महिन्यात ती रांग पाहिली आहे त्याला सांगायला नको. तेव्हा प्राणीमित्रांचं म्हणणं कायद्याने पक्कं होतं.

पण पुढे काय होतं? बैल मुद्देमाल म्हणून जप्त होतात. २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालेपर्यंत असा मुद्देमाल पांजरपोळ, गोशाळा किंवा तत्सम संस्थेच्या ताब्यात देता येतो आणि सांभाळाचा खर्च मालकाकडून घ्यायचा असतो. उचलीत बुडालेल्या माणसाकडून तो कसा येणार? मग तो निवाऱ्यावरच पडतो, एकाचा नाही, दोघांचा, कारण जप्ती जोडीची होणार. ताबा निवाऱ्याचा, मालकी त्या माणसाची, निकाल न्यायालयाचा. तोवर शिंग काढायचं की नाही, यावर सही कुणाची घ्यायची? ही शस्त्रक्रिया कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाही. आणि शेवटी गुन्हा शाबित झालाच तर पहिल्या खेपेला या कलमाखाली दंड आहे १० ते ५० रुपये. १९६० साली ठरलेला तो आकडा आजही तोच आहे. मालकी काढून घ्यायचा अधिकार न्यायालयाला आहे, पण पुन्हा क्रौर्य होण्याची शक्यता दिसली तरच. म्हणजे दोन वर्षांनी शिंग गळालेला बैल त्याच माणसाकडे परत जाऊ शकतो, ज्याने मधल्या काळात नवं कर्ज काढून तिसरा बैल घेतलेला असेल.

माझ्या मते जप्तीचा रस्ता वाईट नाही, तो कुणासाठी आहे हे बघितलं पाहिजे. शेपट्या पिरगाळून, पाय बांधून, एकावर एक जनावरं कोंबलेला ट्रक पकडला तर एक क्षणही घालवू नये, तक्रार द्यावी आणि मुद्देमाल सांभाळायची तोशीस सोसावी. अशा खटल्यांत मी स्वतः प्रमाणपत्रं दिली आहेत. इथे मात्र जनावराला मारणारा हात आणि जनावरावर जगणारा हात एकच होता आणि त्या हाताला मोकळा केल्याशिवाय बैल मोकळा होत नव्हता.

दुसरी वाट ही, मालकाला उचलीतून मोकळं करायची. पण ती मांडायला वहिनींना अख्खी दुपार लागली, कारण तिच्यात निवाऱ्याचाच एक जुना नियम आडवा येत होता: पैसे देऊन जनावर घ्यायचं नाही. हा नियम बरोबर आहे. दिलेल्या पैशात बाजारातून दुसरं जनावर येतं आणि आपण सोडवलेल्याची जागा दुसऱ्या दिवशी भरते. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून कामातून गेलेल्या बैलाला वडगावच्या बाजारात गिऱ्हाईक मिळणं अवघड झालंय. अशा वेळी निवारा पैसे देतो अशी नुसती कुणकुण लागली तरी माळावर रांग लागेल. शिवाय कोसा उसनवारीचा. त्याची किंमत मालकाने बीडमधल्या नात्यातल्या एकाला द्यायची होती.

वहिनींनी त्याला बैलाची किंमत विचारलीच नाही. त्यांनी विचारलं, "हंगाम संपेपर्यंत गाडी नसली तर तुमचं किती अडतं?"

उत्तर मालकाने नाही, त्याच्या बायकोने दिलं. ती तोपर्यंत दाराशी बसून ऐकत होती. आठवड्याला किती टन, त्यात तोडणीचे किती, वाहतुकीचे किती, गाडीभाडं किती, बैलांची पेंड किती, सगळं तिने बोटांवर मांडलं. गाडी सोडून डोकी सेंटरला गेलं, म्हणजे ऊस तोडून नुसता ट्रॅक्टर भरून द्यायचा, तर उरलेल्या दीड महिन्यात उचलीतले तीसेक हजार फिटले असते. तेवढेच उरले असते. कोडं एकदम आटोक्यात आलं. तिथे बसलेल्या प्राणीमित्रांपैकी एक मुलगी, जी सकाळपासून सगळ्यात जास्त चिडलेली होती, तिने वही काढली आणि मालकाच्या बायकोकडून सगळे आकडे पुन्हा उतरवून घेतले.

मुकादम संध्याकाळी आला. त्याला बैलाचं काही पडलेलं नव्हतं, पण तो खलनायकही नव्हता. कारखान्याकडून त्यानेही पैसे उचललेले, गाडी त्याच्या नावावर, खेपा कमी पडल्या तर त्याची कपात. त्याचं म्हणणं एकच, गाडी बंद पडता कामा नये. अण्णांनी त्याच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. तक्रार झाली तर दोन्ही बैल आणि कदाचित गाडीसुद्धा अडकून पडेल. नाही झाली तर गाडी त्याच्याकडेच राहील, फक्त हे जोडपं डोकी सेंटरवर जाईल. मग गावातला एक ऊसवाला शेतकरी मध्ये पडला. पुरात त्याच्या म्हशी माळावर राहिल्या होत्या. माझा फड याच जोडप्याने तोडावा आणि ट्रॅक्टर मी लावतो, असं त्याने कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन सांगितलं. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या स्लिप बॉयने यादीत बदल केला. तक्रारीची भीती नसती तर मुकादम बसला नसता, हे मी मुद्दाम नोंदवतो. सकाळी लेखी तक्रार तयार ठेवणाऱ्या पोरांचं श्रेय त्यात आहे.

कागद दोन झाले, वेगवेगळे. पहिल्यात कोशाची मालकी निवाऱ्याला दान, बदल्यात काही नाही. कानातला बारा अंकी टॅग निवाऱ्याच्या नावावर चढवायचा, शस्त्रक्रियेचा आणि त्यात बैल दगावला तर त्याचा निर्णय निवाऱ्याचा. त्यावर मालकाबरोबर त्याच्या बायकोची आणि बीडहून फोनवर होकार दिलेल्या नातेवाइकाच्या वतीने एकाची सही. दुसरा कागद पाखऱ्याचा: तो निवाऱ्याचा नाही, हंगाम संपेपर्यंत मोफत सांभाळायला ठेवलेला. उचलीतली तीस हजारांची तूट लोकवर्गणीतून भरली, पैसे मालकाच्या हातात न देता मुकादमाकडून पावती घेऊन, आणि त्या पावतीवर लिहून घेतलं की या घराच्या नावावर पुढच्या हंगामाची बाकी नाही.

यावर टीका झाली. किंमत नाही म्हणता आणि पैसे तर दिलेच, असं निवाऱ्याला मदत करणाऱ्या एका जुन्या देणगीदाराने सुनावलं. मला ते पटत नाही. किंमत दिली असती तर त्या पैशाने दुसरा बैल आला असता. ही रक्कम अशा जागी गेली की दुसरा बैल आणायची गरजच उरली नाही. जनावर सोडवताना त्याच्या मागे जी जागा रिकामी होते ती कशाने भरणार, हा प्रश्न निवाऱ्याने विचारलाच पाहिजे आणि त्याचं उत्तर मिळवायला खर्च येत असेल तर तो चाऱ्याच्या खर्चाइतकाच रास्त आहे.

शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी, पहाटे. रवंथ करणाऱ्या जनावराला त्याआधी चोवीस तास चारा द्यायचा नसतो, त्यामुळे आदल्या दिवशी गोठ्यात नुसता हंबरडा होता. गुंगीसाठी झायलॅझिन. बैलाला ते घोड्याच्या मानाने दहावा हिस्सा पुरतं, वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि हे माहीत नसलेल्याने हात लावू नये. डाव्या कुशीवर पाडला, मानेखाली गवताची पेंढी, तोंड उतरतं, म्हणजे पोटातलं पाणी आलं तर श्वासनलिकेत न जाता बाहेर पडेल. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखाली लिग्नोकेनने शिंगाची नस बधिर केली. गाठ मोठी असल्याने बुडाभोवतीही टोचलं.

कातडीचा झाप वर-खाली सोडवून घेतला, वायरीच्या करवतीने शिंग बुडातून कापलं. अण्णा करवतीचं एक टोक धरून होते. शिंग सुटलं तेव्हा आत पोकळी दिसायला हवी होती, तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा राखाडी-गुलाबी मांसाचा गोळा ठासून भरला होता. वास असा की पडवीबाहेर उभी असलेली पोरं मागे सरली. रक्तवाहिन्या बांधल्या. कपाळाच्या पोकळीतून सुटं मांस बोटाने आणि क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या चमच्याने, निघेल तेवढं काढलं. झाप जुळवला, टाके घातले. एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पाठवला. तिथून अहवाल आला तो अपेक्षेप्रमाणे, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कर्करोगच. पुढे आठवड्याच्या अंतराने व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाची इंजेक्शनं दिली. ती देत होतो तोवर त्याचं शेण-मूत हातमोजे घालून वेगळं उचलायचं आणि खतात मिसळायचं नाही, हे गड्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मला काळजी होती माशांची. उन्हाळा तोंडावर, जखम थेट कपाळाच्या पोकळीशी, त्यात अळ्या पडल्या की सगळं वाया. रोज दोनदा ड्रेसिंग, कडेने माशा हाकलणारं मलम, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. कोशाला बाकीच्या जनावरांपासून चार आठवडे लांबच ठेवला. २०२२ च्या लम्पीनंतर नवीन आलेलं जनावर थेट कळपात सोडायची हिंमत कुणी करू नये. पाखऱ्यालाही त्याच्याशेजारीच वेगळ्या पडवीत बांधला, तोही बाहेरूनच आला होता म्हणून. त्याचा फायदा असा झाला की कोशाने दुसऱ्याच दिवशी चारा तोंडाला लावला. वर्षानुवर्षं एका जुवाखाली चाललेले बैल वेगळे केले तर कित्येकदा खाणं टाकतात, हे जोडी मोडणाऱ्याने आधी धरून चालावं. इथे ती हळूहळू मोडली.

एप्रिलच्या सुरुवातीला कारखाना बंद झाला. मालक टोळीच्या ट्रकबरोबर पाखऱ्याला न्यायला आला. गावी त्याची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, चुलत भावाकडे एक बैल आहे, दोघं सावडीने, बैल एकत्र जुंपून, पेरण्या करतात. कोशाच्या उरलेल्या शिंगावरून हात फिरवत तो बराच वेळ बसला. जाताना बायकोने वहिनींना विचारलं, "पोळ्याला त्याला निवद दाखवाल ना?" वहिनींनी सांगितलं की इकडं पोळा नसतो, बेंदूर असतो, तेव्हा दाखवू. तो दाखवला, आणि पोळ्याच्या दिवशी बीडहून फोन आल्यावर पुन्हा एकदा दाखवला. शिंग रंगवलं नाही. ते मी सांगितलं होतं.

आता जमलं नाही ते. गाडी थांबली नाही. मुकादमाने ती आठवड्याच्या आत दुसऱ्या जोडप्याला दिली, तरुण जोडी जुंपून. आमच्या एका घराचा प्रश्न सुटला, रांगेतली एकही गाडी कमी झाली नाही. हे दिसल्यावर अण्णा-वहिनींनी पुढच्या हंगामाची तयारी वेगळी केली. नोव्हेंबरमध्ये टोळ्या उतरल्या त्याच आठवड्यात पालांवर जाऊन बैलांची तपासणी: शिंगावर पेर वाजवायचं, खांदा चाचपायचा, खुरांची पत्री (लोखंडी नाल) बघायची. डांबरी रस्त्यावर पत्री झिजली की बैल घसरतो आणि मग पायच जातो. शिबिराला यायला सुरुवातीला कुणी तयार नव्हतं, कारण तपासणी म्हणजे जप्ती असं त्यांना वाटायचं. मागच्या वर्षीचा मालक, जो आता डोकी सेंटरवर आला होता, तो आमच्याबरोबर पालापालांवर फिरला, मग लोक बैल सोडून आणायला लागले. पहिल्याच दिवशी शिंगात भद्द आवाज येणारा एक बैल सापडला, रक्त यायच्या कितीतरी आधी. त्याचं शिंग काढलं, मालकाला तो महिनाभर विसाव्याला ठेवायला लावला. त्या महिन्यात गाडीला दुसरा बैल सावडीने मिळवून दिला आणि आजारी बैल बरा होऊन आपल्याच मालकाकडे परत गेला. दावणीची एकही जागा अडली नाही.

खांद्याच्या गाठींचं मात्र तसं नाही. जुवाचं ओझं मानेवर येतं तोवर खांदे सुजणारच. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये जुवाखाली टेकू देणारं फिरतं चाक बनवलं होतं. त्याची चित्रं आम्ही पालांवर दाखवली आणि गाडीवानांना ते आवडलं. पण गाडी त्यांची नाही, कारखान्याची आहे. चाक बसवायचं तर कारखान्याने बसवावं लागेल.

सध्या निवाऱ्याची बोलणी कारखान्याच्या शेतकी विभागाशी चालू आहेत. मागणी एवढीच की गाडी नावावर देताना जोडीचा पशुवैद्यकीय दाखला घ्यावा आणि हंगामात बैल आजारी पडला तर त्या जोडप्याला दंड न लावता डोकी सेंटरवर बदलून द्यावं. पहिली गोष्ट त्यांना मान्य होईल असं दिसतं. दुसरीवर मुकादमांचा विरोध आहे आणि कारखाना मुकादमांना दुखवायला तयार नाही. दरम्यान वहिनींनी चाळीसपैकी दोन जागा कायमच्या रिकाम्या ठेवायला सुरुवात केलीय, फक्त उपचाराला येऊन परत जाणाऱ्या बैलांसाठी. आणि दाखल करून घेण्याच्या फॉर्मवर जनावराच्या माहितीखाली एक रकाना वाढलाय: हे जनावर गेल्यावर घरात काम कोण करणार, आणि कर्ज कुणाकडून किती.